इंगळावरची जाळी: घडवायची कशी, वापरायची कशी

खानापूर-जांबोटीकडच्या शिवारात असो की निपाणीजवळच्या मळ्यात, उघड्यावर भाजायचं म्हटलं की तीन दगड आणि वर कुठली तरी जाळी एवढीच मांडणी दिसते. कोंबडी वरून काळी आणि आत कच्ची राहते ती बहुतेक वेळा मसाल्यामुळे नव्हे, तर जाळी एकाच उंचीवर अडकल्यामुळे. इंगळाचा, म्हणजे निखाऱ्यांचा, ताप पहिल्या दहा मिनिटांत एक असतो, अर्ध्या तासानं दुसराच. ताप आपल्या हातात फारसा नसतो, उंची मात्र असते. म्हणून इथे दिलेली रचना मुख्यतः उंची बदलण्यासाठी आहे: तीन कप्प्यांचा घोडा, म्हणजे चार खांबांचा सांगाडा, आणि त्यात ट्रेसारखी सरकणारी ६० × ४० सेंमीची जाळी. सगळं मिळून वजन सव्वाअकरा किलोच्या आसपास भरतं. आठ-दहा माणसांचं भाजण दोन खेपांत उरकतं.

माल

दुकानात मिमीपेक्षा सूत सांगितलं तर लवकर कळतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

- एक इंची अँगल (२५ × २५ × ३ मिमी), ६ मीटरचा एक अख्खा दांडा
- तीन सुती चौकोनी बार (१० मिमी), २ मीटर ५४ सेंमी. कापण्यातली घट धरून पावणेतीन मीटर घ्या
- दोन सुती गोल सळी (६ मिमी), ६ मीटरचे दोन दांडे
- अडीच सुती गोल सळी (८ मिमी), १ मीटर, उचलण्याच्या आकड्यांसाठी
- ३ मिमी पत्र्याचे ५ × ५ सेंमीचे चार तुकडे, पायांसाठी

हा सगळा माल साधा काळा, म्हणजे एमएस (माइल्ड स्टील), हवा. उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळे बेळगावात भंगारात चांगले तुकडे मिळतात, पण भंगारातून निवडताना तीन गोष्टी टाळायच्या. पहिली, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा पाइप. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि वेल्डिंगच्या तापात त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय दही-लिंबू लावलेलं मांस जस्तावर ठेवणं बरं नाही. दुसरी, फ्रिजमधली जुनी जाळी. तिच्यावरचा मुलामा किंवा प्लॅस्टिक आगीसाठी नसतं. तिसरी, रंगवलेली ग्रिल. खिडकीची जुनी ग्रिल मापात बसते म्हणून मोह होतो, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते जाळून काढणं म्हणजे तेच हुंगणं. स्लॅबची टीएमटी सळी चालते का, असं नेहमी विचारतात. घोड्याला चालेल. जाळीला नको, कारण तिच्या पिळात चरबी बसते आणि ब्रश आत पोचत नाही.

बेळगावात फाउंड्र्या आहेत म्हणून ओतीव जाळी करून घ्यावी असंही काहींना वाटतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ताप छान धरून ठेवतं यात शंका नाही. पण तापलेल्या बिडावर कुणी तांब्याभर पाणी ओतलं की तडा जातो, आणि शिवारात कुणी ना कुणी पाणी ओततंच. स्टेनलेसची ३०४ सळी गंजत नाही, मात्र तापल्यावर साध्या लोखंडाच्या दीडपटीजवळ फुगते आणि तिला वेगळी वेल्डिंग सळई लागते. पहिली जाळी साध्या लोखंडाचीच करा.

कापणी

अँगलचे तेरा तुकडे: ३५ सेंमीचे चार खांब, ४२ सेंमीच्या सहा पट्ट्या (यांच्यावर जाळी सरकते) आणि ६५ सेंमीचे तीन आडवे. बेरीज ५ मीटर ८७ सेंमी. ग्राइंडरची कटिंग चकती प्रत्येक कापाला दोन-अडीच मिमी खाते, ते धरूनही दांडा पुरतो. मात्र शिल्लक दहाएक सेंमीच राहते, तेव्हा चुकायला जागा नाही. आधी पूर्ण दांड्यावर खडूनं खुणा करून घ्या, मगच पहिला काप.

चौकोनी बारचे पाच तुकडे: ६० सेंमीचे दोन, ३८ सेंमीचे दोन, आणि मधल्या कण्यासाठी ५८ सेंमीचा एक. सहा मिमीच्या प्रत्येक दांड्यातून ४० सेंमीचे चौदा, म्हणजे एकूण अठ्ठावीस. पंधरावा निघेलसं वाटतं, पण चकतीनं खाल्लेली जागा आड येते. उरलेले दोन तुकडे फेकू नका. त्यांतून २ सेंमीचे बारा खुंट निघतात, आणि ते लागणार आहेत.

जाळी

दोन ६० चे बार समोरासमोर, त्यांच्या मध्ये ३८ चे दोन, अशी चौकट सपाट फरशीवर किंवा जाड पत्र्यावर मांडा. गुण्या लावून चारही कोपरे तपासा, तरी कर्णांची मापं घ्याच. दोन्ही कर्ण ७२ सेंमीच्या थोडे वर आणि एकसारखे यायला हवेत. दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आताच ठोकून सरळ करा, कारण अशी चौकट पुढे घोड्यात अडकते. ५८ चा कणा दोन्ही बाजूच्या बारांच्या बरोबर मधोमध, त्याच पातळीत बसवा.

आता आतल्या कडेपासून २० मिमीवर पहिली खूण, आणि पुढे दर २० मिमीला एक. ५८ सेंमीत अठ्ठावीस खुणा नेमक्या बसतात. प्रत्येक खुणेवर एक सळी ठेवली की दोन सळ्यांत १४ मिमीची फट राहते. ही फट अंदाजानं ठरवलेली नाही. १० मिमीच्या खाली गेलात तर चरबी आणि मसाला फटीत साचून जळतो, १८ च्या वर गेलात तर कांद्याच्या चकत्या आणि कोंबडीचे लहान तुकडे इंगळात पडतात.

सळ्या समोरून मागे जाणाऱ्या हव्यात, डावीकडून उजवीकडे नव्हेत. भाजणारा समोर उभा असतो, त्याचा उलथना सळ्यांच्या दिशेनंच सरकला पाहिजे. आडव्या सळ्यांवर उलथना प्रत्येक सळीला अडखळतो आणि बांगड्याची साल तिथेच राहते.

वेल्डिंगला २.५ मिमीची सळई, ई ६०१३, साधारण ७० ते ८० अँपिअर. अँगल जोडताना ८० ते ९०. सहा मिमीच्या सळीवर १०० च्या वर गेलात की सळी जोडापाशी बारीक होते आणि तिथेच मोडते.

इथे क्रम महत्त्वाचा. एका टोकापासून सुरू करून ओळीनं पूर्ण वेल्ड करत गेलात तर चौकट पापडासारखी वाकडी होते, कारण प्रत्येक जोड थंड होताना आपल्याकडे ओढतो. आधी मधल्या दोन सळ्यांना पुढे-मागे एकेक टाका मारा. मग टोकाच्या दोन, मग पाव भागातल्या, असं इकडून तिकडे उड्या मारत सगळ्या सळ्या टाक्यांवर उभ्या करा. कर्ण पुन्हा मोजा. मगच पक्के जोड, तेही आलटून पालटून. कण्यावर प्रत्येक सळी जोडायची नाही, दर चौथीला एक टाका पुरे. कणा आधाराला आहे. सळ्या तापून लांबतात, त्यांना थोडं हलायला वाव हवा. सगळीकडे जखडल्या तर त्या वर कमान धरतात.

जोडांवरचा पापुद्रा छिन्नी-हातोडीनं काढा आणि शिंतोडे घासून टाका. हे दिसण्यासाठी नाही. तो काचेसारखा पापुद्रा पुढे तापल्यावर आपोआप सुटतो आणि खाण्यात येतो.

घोडा

एका बाजूला दोन खांब, त्यांच्या आतून तीन पट्ट्या. पट्टीची आडवी बाजू आत आणि खाली, उभी बाजू वर. म्हणजे जाळी खोबणीत बसल्यासारखी बसते. आडव्या बाजूची उंची जमिनीपासून १२, २० आणि २८ सेंमी. खांबांखाली पत्र्याचे तुकडे लावणार असाल तर त्यांची ३ मिमी जाडी धरून मोजा. दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या हव्यात. दोन डाव्या बाजू तयार होणं ही फॅब्रिकेशनच्या दुकानातही होणारी चूक आहे, म्हणून दुसरी बाजू पहिलीवर पालथी ठेवूनच जुळवा.

दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या उभ्या कडांमध्ये आतून ६१ सेंमी मोकळं अंतर ठेवा. जाळी ६० ची आहे. चांगली तापल्यावर ती तीनेक मिमी लांबते, शिवाय घोडाही थोडा हलतो. अंतर ६०.५ ठेवलं तर थंड असताना सुरेख बसते आणि ऐन भाजताना अडकते. ६२ ठेवलं तर जाळी एका बाजूला सरकून दुसऱ्या बाजूनं जेमतेम टेकते. मागे दोन आडवे, एक जमिनीपासून ५ सेंमीवर आणि एक खांबांच्या वरच्या टोकाला. तिसरा आडवा पुढे, अगदी जमिनीलगत. तो दोन कामं करतो: बाजू फाकू देत नाही आणि इंगळ पायांकडे घरंगळू देत नाही.

प्रत्येक पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला दोन सेंमीचा एकेक खुंट आडवा झाळा. जाळी बसवताना किंचित उचलून खुंटावरून न्यायची. मग धक्का लागला तरी ती बाहेर येत नाही. बारा खुंटांचं हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून हमखास गाळलं जातं. आणि मग तापलेल्या जाळीसकट दोन किलो कोंबडी मातीत जाते.

पायांखालचे पत्रे बैलहोंगलकडच्या काळ्या रेगाड जमिनीत लागतातच, नाहीतर एक पाय रुततो आणि जाळी कलते. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीवर उलट अडचण: जमीन कडक, पण उंचसखल. तिथे पायाखाली चपटी खापरी सारायची. जमिनीत ठोकायची एकच खुंटी आणि तिच्यावर फिरणारी जाळी, अशी एक रचना बऱ्याच ठिकाणी दिसते. ती आपल्याकडे नको. जांभ्यात खुंटी शिरत नाही आणि पावसाळ्यानंतरच्या मऊ शेतात उभी राहत नाही.

आठ मिमीच्या सळीचे अर्धा-अर्धा मीटरचे दोन आकडे वाकवा: एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला ३ सेंमीची चोच. कप्पा बदलताना दोघांनी दोन बाजूंनी चौकटीला चोच लावून उचलायचं.

वेल्डिंगची सोय नसेल तर फक्त जाळी करून घ्या आणि दोन्हीकडे विटांच्या ओळी रचा. वीट आडवी ठेवली की कमी उंची, काठावर उभी केली की जास्त. काम भागतं, पण तापलेली जाळी बाजूला ठेवून विटा हलवणं नकोसं असतं.

पहिला ताव

नवी जाळी सोडा किंवा भांड्याच्या साबणानं गरम पाण्यात घासून धुवा. दांड्यांवर कारखान्यातलं तेल असतं. मग मोकळ्या जाळावर पाऊण ते एक तास तापवा. पहिल्यांदा वास येतो, धूर निघतो, तो थांबेपर्यंत ठेवायची. थोडी निवली की फडक्यानं शेंगतेलाचा अगदी पातळ हात द्या आणि धूर निघेपर्यंत पुन्हा तापवा. असं तीनदा. तेल जाड लावलं तर ते पक्कं न होता चिकट डाग बनून राहतं, आणि सगळी धूळ त्यावर बसते. जवसाचं तेल चालतं, पण खायचं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस नको, त्यात सुकवणारी द्रव्यं असतात.

जागा, दगड, सरपण

राखीव जंगलात आग पेटवणं कर्नाटक वन कायदा १९६३ प्रमाणे गुन्हा आहे, आणि २०११ साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या परिसरात तर विचारही नको. कणकुंबी-चोर्ला वाटेवर थांबून रस्त्याकडेला पेटवणंही त्यातच येऊ शकतं, कारण जंगलाची हद्द पाटी लावून सांगितलेली असतेच असं नाही. आपलं किंवा विचारून घेतलेलं शेत, बांधापासून आणि उसाच्या पाचटापासून दूर, भोवती दोन मीटर गवत खरवडलेलं. पाचट पेटवायला घेऊ नका. ते भडकतं आणि पेटलेल्या पात्या वाऱ्यावर शेजारच्या फडात जातात.

दगड नदीतले नकोत. मलप्रभा किंवा मार्कंडेयच्या पात्रातले गोटे गुळगुळीत म्हणून उचलले जातात, पण आत मुरलेलं पाणी तापून वाफ झालं की ते फुटतात आणि चिपा डोळ्यापर्यंत येतात. ओला जांभाही तडकतो. बांधावरचा कोरडा काळा दगड घ्या.

सरपणात बाभूळ पहिली. तिचा इंगळ जड आणि टिकाऊ. सुबाभूळ, आंबा, जांभूळ चालतात, आंबा थोडा लवकर राख होतो. निलगिरी तडतडते आणि तिचा वास मांसाला लागतो. काजूची टरफलं अजिबात नकोत, त्यांतल्या तेलाचा धूर डोळे आणि कातडी जाळतो. बिब्ब्याचं लाकूड त्याहून वाईट. कण्हेर विषारी, शेराचा चीक तसाच. प्लायवूड, रंगीत दारं, डांबरट वासाचे जुने रेल्वे स्लीपर हे फुकट मिळालं तरी चुलीत घालायचं नाही.

इंगळ आणि उंची

जाळावर भाजायचं नसतं, इंगळावर भाजायचं असतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि भूक लागली की सगळे विसरतात. घोड्याखाली ५० × ३० सेंमीचा, ५ सेंमी जाडीचा थर हवा असेल तर आठ ते दहा किलो सुकं, मनगटाएवढं सरपण लागतं आणि ते इंगळ व्हायला पाऊण ते एक तास. पेटवायचं घोड्याच्या बाहेर, मीटरभर अंतरावर. इंगळ तयार झाले की फावड्यानं आत ओढायचे. बाहेरची आग चालू ठेवली की दुसऱ्या खेपेचे इंगळही तयार होत राहतात. घोड्याखालीच मोठा जाळ केला तर पहिल्याच दिवशी जाळीला पोक येतं.

थर सगळीकडे सारखा पसरू नका. दोन भाग इंगळ, एक भाग रिकामा. चरबी गळून भडका उडाला की तुकडे रिकाम्या बाजूला सरकवायचे. भडक्यावर पाणी मारलं तर राख उडून सगळी मांसावर बसते.

ताप बघायला तळहात जाळीच्या पातळीवर धरा आणि सावकाश मोजा. दोन-तीनला हात काढावा लागला तर ताप कडक, चार-पाचला मध्यम, सात-आठला मंद.

खालचा कप्पा, १२ सेंमी: बांगडा, कांदा, हिरव्या मिरच्या. पाव किलोचा बांगडा कडक तापावर एका बाजूनं पाच-सहा मिनिटं. जाळी आधी चांगली तापलेली आणि तेलाचा बोळा फिरवलेली हवी, मासा बाहेरून कोरडा हवा, आणि पहिली चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. थंड जाळीवर ठेवलेला मासा चिकटतो. साल भाजून कडक झाली की तो आपोआप सुटतो. उलथना अडत असेल तर अजून वेळ झालेली नाही एवढंच.

मधला कप्पा, २० सेंमी, सगळ्यात जास्त वापरात येतो. तीन सेंमीचे बिनहाडांचे कोंबडीचे तुकडे मध्यम तापावर बारा ते पंधरा मिनिटं, तंगडी पस्तीस-चाळीस. तंगडीला हाडापर्यंत दोन चिरा द्या. सांध्याजवळ सुरी खुपसून रस स्वच्छ आला पाहिजे; थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश. मसाल्यात गूळ किंवा साखर असेल तर ती शेवटच्या पाच मिनिटांतच लावा, आधी लावली तर काळी पडते. भरताची वांगी इथेच, वीसेक मिनिटं, फिरवत. मक्याचं कणीस पानांसकट अर्धा तास भिजवून ठेवलं तर पंधरा-वीस मिनिटांत आत वाफेवर शिजतं. मग पानं सोलून खालच्या कप्प्यात दोन मिनिटं.

वरचा कप्पा, २८ सेंमी: झालेलं गरम ठेवायला आणि भाकरी शेकायला. इंगळ नवे टाकले की पाच मिनिटं सगळंच इथे न्या.

रताळी जाळीवर ठेवू नका. बेळगावची रताळी मुळातच ओलसर गोड. ती जाळीवर बाहेरून करपतात. रिकाम्या बाजूच्या गरम राखेत पुरा, पाव किलोच्या रताळ्याला पाऊण तास.

रश्श्याचं पातेलं वेगळ्या तीन दगडांवरच. लोखंड लालसर होईपर्यंत तापलं की त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि मधोमध पाच-सहा किलोपेक्षा जास्त भार आला तर पुढचा बार कायमचा लवतो.

आपल्याकडे दुपारी वारा सुटतो, विशेषतः उन्हाळ्यात, घाटाकडून. एका बाजूचे इंगळ फुलतात आणि दुसरी बाजू थंड पडते. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उभा कापून, तळ-झाकण काढून सपाट केला की नव्वदेक सेंमी लांब आणि पस्तीस उंच पत्रा मिळतो. तो मागच्या आडव्यांना तारेनं बांधा आणि उरलेला भाग वाऱ्याच्या बाजूला वळवा. घोड्याची पाठ वाऱ्याकडे असली की झालं. कापलेल्या कडा मात्र पक्कडीनं मुडपून घ्या.

नंतर

जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशनं घासा आणि अर्ध्या कांद्यानं पुसा. ब्रशची तुटलेली तार सळीला चिकटून राहिलेली नाही ना, ते हात फिरवून नव्हे, फडकं फिरवून बघा. आपोआप निवू द्या. गरम जाळी ओढ्यात बुडवली की वाकते, आणि अशी वाकलेली चौकट पुन्हा खोबणीत सरळ जात नाही. निवल्यावर तेलाचा पातळ हात. पावसाळ्याचे चार महिने ती खताच्या पोत्यात गुंडाळून ठेवू नका. खताचा कण पाणी ओढतो आणि लोखंड खातो. घरात, भिंतीला टांगून, मोकळ्या हवेत ठेवा. गंज धरलाच तर वाळूनं घासून पुन्हा एकदा ताव आणि तेल.

इंगळ विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता आणि हाताची पाठ राखेवर धरून बघा. नुसती माती लोटली तर आत इंगळ रात्रभर जिवंत राहतो, आणि पहाटेच्या वाऱ्यानं माती सरकली की बांधावरचं गवत समोरच असतं.